लेसरमापन आणि पृथ्वीचे केंद्र

'समुद्राची पातळी वाढली' हे विधान वाचताच 'कशापासून?' असा प्रश्न अभ्यासकाच्या मनात यावयास हवा. व्याकरणातील अपादान या संकल्पनेत, जेथून दूर जाणे घडते तो बिंदू स्थिर मानलेला असतो. मोजमापालाही असाच स्थिर आधार लागतो. किनाऱ्यावरील खूण तो आधार देऊ शकत नाही. कारण जमीन कोठे खचते, कोठे उचलली जाते आणि भूखंडेही वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. मग मोजावयाचे कोठून?

या प्रश्नाच्या उत्तरात उपग्रहांवरील लेसरमापनाचा मोठा वाटा आहे. या पद्धतीचा पहिला यशस्वी प्रयोग 1964 साली अमेरिकेत झाला. पुढे 4 मे 1976 रोजी खास याच कार्यासाठी 'लॅजिऑस' हा उपग्रह सोडण्यात आला. 60 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 400 किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या या गोलावर 426 परावर्तक बसवलेले आहेत. सायकलच्या मागील तांबड्या परावर्तकाप्रमाणे ते प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवतात. आकार लहान आणि वजन भारी असल्यामुळे सूर्यप्रकाशाचा दाब किंवा विरळ हवेचा अडथळा या गोलाला फारसा विचलित करीत नाही.

भूपृष्ठावरील केंद्र लेसरचे अतिसूक्ष्म स्पंद पाठवते व ते परतण्यास लागलेला वेळ मोजते. प्रकाशाचा वेग ज्ञात असल्याने त्यावरून अंतर काढता येते. लॅजिऑसची उंची सुमारे 5,900 किलोमीटर आहे; तो माथ्यावर असताना प्रकाशाला जाऊन येण्यास सुमारे 0.04 सेकंद लागतो. या वेळेत एक अब्जांश सेकंदाची चूक झाली, तरी अंतर 15 सेंटिमीटरने चुकते.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतो. हे केंद्र जमीन, सागर व वातावरण या सर्वांचे मिळून असते. निरनिराळ्या ठिकाणांहून मोजलेली अंतरे एकत्र करून उपग्रहाची कक्षा ठरवली, की हे अदृश्य केंद्रही निश्चित करता येते. हाच तो आधारबिंदू होय.

सागराची जागतिक सरासरी पातळी वर्षाला 3 मिलिमीटरहून अधिक वाढत आहे. गणितातील केंद्र दरवर्षी मिलिमीटरभर जरी चुकीने सरकले, तरी एका गोलार्धात ही वाढ अधिक आणि दुसऱ्यात कमी भासेल. किनाऱ्यावरील वस्त्यांचे भवितव्य ज्या आकड्यांवरून ठरवावयाचे, त्यांची विश्वसनीयता अशा प्रकारे त्या मूक गोलावर अवलंबून आहे.

स्वाध्याय : 'स्थिर आधाराविना बदल सांगता येत नाही' या विधानाचे स्पष्टीकरण लेसरमापनाच्या आधारे करा.