समुद्राला लोहाची मात्रा. पण परवानगी कोण देणार?

जानेवारी २००९. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचे शास्त्रज्ञ ‘पोलारस्टर्न’ जहाजातून केपटाऊनहून दक्षिण महासागराकडे निघाले. मोहिमेचे नाव होते ‘लोहाफेक्स’.

कल्पना सोपी होती. दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर, पण लोह अत्यल्प. ते पुरवले की सूक्ष्म शैवाल फोफावते आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. मेलेले शैवाल खोल बुडाले, तर त्यातील कार्बन शेकडो वर्षे हवेपासून दूर राहू शकतो.

मोहीम निघाली आणि वाद पेटला. जैवविविधता करारातील देशांनी २००८ मध्येच अशा खतपेरणीला, किनाऱ्याजवळचे छोटे अभ्यास वगळता, आवर घालण्याचे ठरवले होते. पर्यावरण संघटनांनी त्यावर बोट ठेवताच जर्मन सरकारने प्रयोग थांबवला. परिणामांची फेरतपासणी झाल्यावरच परवानगी मिळाली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडून ३९ दिवस निरीक्षण झाले.

निष्कर्ष निराशाजनक निघाला. त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने, कवच जड असणारी आणि सहज बुडणारी डायटम शैवाले वाढलीच नाहीत. जी लहान शैवाले वाढली, त्यांतील बरीचशी सूक्ष्म प्राण्यांनी फस्त केली. तळाकडे फारच थोडा कार्बन गेला.

हे कळले ते प्रयोग झाला म्हणूनच. मात्र मोठ्या प्रमाणावर असे करण्यात धोके आहेत. एका भागातील पोषकद्रव्ये संपली की प्रवाहाच्या पुढच्या भागातील जीवसृष्टी उपाशी राहू शकते. खोल पाण्यातील प्राणवायूही घटू शकतो.

खरी अडचण नियमांची आहे. २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिमेस एका खासगी उपक्रमाने सुमारे १०० टन लोहसंयुग समुद्रात ओतले. जगाला कळले ते काम उरकल्यावर. पुढच्याच वर्षी सागरी प्रदूषणाबाबतच्या लंडन प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती मंजूर झाली, पण पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने ती लागू झालेली नाही. म्हणजे उघडपणे काम करणारे शास्त्रज्ञ अडवले जातात आणि गुपचूप करणारा निसटतो.

आता सूर्यकिरणे परतवण्यासाठी उंच हवेत गंधकाचे कण फवारण्याची चर्चा आहे. त्याने पाऊसमान बदलू शकते. आपली शेती मोसमी पावसावर उभी आहे. त्यामुळे नियम ठरतील त्या टेबलावर भारताची खुर्ची हवी, आणि तीही पहिली फवारणी होण्याआधी.