विश्लेषण : चालत्या सायकलचे हँडल, चिमटा, क्रँक ‘एकदम’ का तुटतात?

हंगाम सुरू झाला की कुंडलचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा होतो. क्रांती कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्यामागे भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि डांबराच्या कडेने शाळेची मुले, दूध घालून परतणारे, कॅरिअरला उसाचे वाढे बांधून घराकडे निघालेले सायकलस्वार. अशा वेळी पंक्चर झाले तर उतरून चालता येते. पण पायडलवर उभे राहून जोर दिला आणि क्रँकच निसटला, किंवा उतारावर हँडल सुटून हातात आले, तर आपण कडेला पडणार की ट्रॉलीच्या बाजूला, हे सायकलस्वाराच्या हातात राहत नाही. ‘काही कळलेच नाही, एकदम तुटले’, असे नंतर सगळेच सांगतात. तुटलेल्या धातूचे म्हणणे मात्र वेगळे असते.

‘एकदम’ तुटते म्हणजे नेमके काय होते?

बांधायची तार पक्कड नसताना कशी तोडतात? एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहायचे. एका हिसक्याने न तुटणारी तार पंधरा-वीस वेळा वाकवली की तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. सायकलच्या नळीत, चिमट्यात, क्रँकमध्ये तेच घडते, फक्त वाकणे डोळ्यांना दिसत नाही आणि वेळ महिन्यांत किंवा वर्षांत मोजावी लागते.

हे कोडे आधी रेल्वेने घातले. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि अपघातात अनेक प्रवासी जळून मेले. आस वजनाला पुरेसा भक्कम होता, मग तुटला कसा? पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आस फिरवत ठेवून वर्षानुवर्षे प्रयोग केले. एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा पडला तर धातू तुटतो, हे त्याने आकड्यांनी दाखवले.

सुरुवात बारीक तड्याने होते. हा तडा बहुधा कोपऱ्यात, छिद्राच्या कडेला, आट्यांच्या तळाशी, वेल्डिंगच्या शेजारी किंवा गंजाच्या खड्ड्यात पडतो. प्रत्येक झटक्याला तो केसभर पुढे सरकतो. शेवटी इतका थोडा धातू उरतो, की नेहमीचाच एखादा खड्डा पुरतो. त्यामुळे ज्या खड्ड्याला शिव्या बसतात त्याचा वाटा शेवटच्या एका टक्क्याचाही नसतो. (खड्डे निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नाही. आधीचे हजारो झटकेही त्यांच्या भाऊबंदांनीच दिलेले असतात.)

शाळेच्या फेरीत असे किती झटके बसतात?

हिशेब घरी करता येतो. २८ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जाते. पुढच्या चक्रीला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर सरकते. शाळा पाच किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर. म्हणजे दिवसाला पायडलचे साडेअठराशे फेरे आणि चाकाचे साडेचार हजार. शाळेचे दोनशे दिवस धरले तर क्रँकने वर्षात पावणेचार लाख वेळा भार घेतला आणि चाकाच्या प्रत्येक तारेने नऊ लाख वेळा ताण सोडला व पुन्हा धरला.

सायकलच्या सुरक्षेसाठी असलेल्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात पायडलवर शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भार एक लाख वेळा देऊन फ्रेम आणि क्रँक तपासतात. शाळकरी मुलाचा जोर एवढा नसतो, म्हणून बहुतेक सायकली वर्षानुवर्षे टिकतात. मात्र मागे दोन किटल्या, पुढे नळीवर धाकटा भाऊ आणि चढावर उभे राहून मारलेले पायडल, हा भार कोणत्याही मानकाने गृहीत धरलेला नाही. कॅरिअरवरचे ओझे तर पायडलपेक्षा मागच्या आसावर आणि तारांवर जास्त पडते. जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, त्या याचसाठी.

सगळे भाग सारखेच धोकादायक आहेत का?

नाहीत, आणि आपल्याकडे सर्वात कमी बोलले जाते ते याच मुद्द्यावर. मागचे काही तुटले तर बहुतेक वेळा सावरता येते. मागची तार तुटली की चाक आउट होते, लटपटते, पण सायकल थांबवता येते. चेन तुटली तर पाय निसटतो, उभे असाल तर नळीवर आदळून जबर लागते, पण हँडल हातात असते. पुढचे तुटले तर मात्र शरीराचे वजन पुढे झेपावते आणि तोंडावर किंवा खांद्यावर पडण्याखेरीज काही उरत नाही. म्हणून चिमटा, चिमट्याची हेडमधून वर जाणारी दांडी, हँडल, त्याचा बोल्ट, पुढचा आस आणि पुढचा ब्रेक या भागांना वेगळा नियम लावायला हवा. त्यात संशय आला की दुरुस्ती नको, बदलच हवा.

लाखो रुपयांच्या सायकलींचीही यातून सुटका नाही. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत अमेरिकेचा जॉर्ज हिनकॅपी आघाडीच्या गटात होता. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर त्याच्या चिमट्याची अॅल्युमिनियमची दांडी तुटली आणि हँडल सुटले. काही क्षण तो नुसता तोल सांभाळत राहिला, मग कोसळला आणि खांदा दुखावला. त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचा अॅलेक्झांडर पोर्टर ट्रॅकवर वेगात असताना त्याचे हँडल तुटून हातात आले आणि तो चेहऱ्यावर आपटला. नंतरच्या चौकशीत दिसले, की हँडल बनवण्यासाठी ठरवून दिलेले निकषच प्रत्यक्ष वापरातला भार आणि थकवा सोसायला अपुरे होते. भार कमी धरला तर काय होते, हे ऑलिंपिक संघाला जसे कळले तसेच ते किटल्या वाहणाऱ्यालाही लागू आहे.

वेल्डिंग करून घेतले तर चालत नाही का?

इथे युजेन क्रिस्तोफचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये तो जिंकण्याच्या बेतात होता. तुर्मालेच्या घाटातून उतरताना त्याचा चिमटा तुटला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा शर्यतीचा नियम. तो सायकल खांद्यावर घेऊन दहाहून अधिक किलोमीटर चालला, सेंट-मारी-द-कॅम्पान या खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर पोहोचला आणि पंचांच्या देखत तासन् तास खपून त्याने स्वतः चिमटा जोडला. भाता मात्र एका पोराने हलवला, म्हणून त्याला वर दंडाची मिनिटे बसली. तो जिंकला नाहीच. १९१९ मध्ये पिवळी जर्सी अंगावर असताना त्याचा चिमटा पुन्हा तुटला.

क्रिस्तोफची जिद्द घ्यावी, त्याची दुरुस्ती घेऊ नये. सायकलची नळी पातळ असते. ट्रॉलीच्या चॅसीला लावतात तोच वेल्डिंगचा कांडा तिला लावला, तर टाका धरतो, पण टाक्याशेजारचा धातू तापून त्याचा गुण बदलतो आणि पुढचा तडा बरोबर तिथेच जातो. मागच्या कॅरिअरला, स्टँडला, मडगार्डच्या पट्टीला खुशाल टाका मारावा. चिमट्याला आणि हँडलला मारू नये. अॅल्युमिनियमच्या भागांबाबत तर हा विचारच सोडावा. लोखंडाला ठरावीक मर्यादेखालचा भार कितीही वेळा सोसतो, अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नसते. तो धातू प्रत्येक झटक्याचा हिशेब ठेवतो.

कुंडल आणि सायकल यांचे नाते काय?

नाते जुने आहे. कुंडलला लागून असलेली किर्लोस्करवाडी १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर उभी राहिली. तिथल्या स्टेशनचे तेव्हाचे नाव कुंडल रोड. पण त्या उद्योगाचे मूळ पंपात किंवा नांगरात नाही, सायकलमध्ये आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईत सायकल पाहिली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलचे दुकान सुरू झाले. उद्योगसमूह आपले जन्मवर्ष १८८८ धरतो ते या दुकानावरून.

त्या काळी सायकल विकणाऱ्यालाच ती दुरुस्त करावी लागे. आता खोक्यातली गिअरची सायकल फोनवरून मागवता येते. ती पूर्ण जोडलेली नसते. हँडल, पायडल, पुढचे चाक घरी बसवायचे असते आणि बसवतो तो बहुधा घरातला हौशी माणूस, पान्याऐवजी पक्कड घेऊन. त्यातली नेहमीची चूक म्हणजे पुढचा चिमटा उलटा बसवणे. चिमट्याचा बाक आणि पुढचा ब्रेक पुढच्या बाजूला हवा. तो मागे वळलेला दिसला तर सायकल चालवू नये. दुसरी चूक पायडलची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावून चुकीचे पायडल बसवले तर क्रँकचे आटे खाल्ले जातात आणि काही दिवसांनी भर रस्त्यात पायडल गळून पडते.

आधी काही इशारा मिळतो का?

बहुतेक वेळा मिळतो, आणि तो आधी कानाला मिळतो. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी ‘खट्’ आवाज येत असेल तर कॉटर ढिली झाली आहे किंवा क्रँक हलतो आहे. तेल सोडून तो आवाज जाणार नाही. ढिल्या क्रँकवर आठवडाभर सायकल मारली की त्याचे भोक मोठे होते आणि मग नवी कॉटरही बसत नाही.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. हेडजवळ खटखट लागली तर बेअरिंग किंवा दांडी पाहावी लागेल. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल जोराने वळवावे. ते चाकाला सोडून फिरले तर वरचा बोल्ट ढिला आहे. हँडल वर ओढून उंच केले असेल, तर दांड्यावरची कमाल उंचीची खूण बाहेर दिसता कामा नये. उंच पोराला सोयीचे म्हणून ती सर्रास बाहेर काढली जाते. आत उरलेला तुकडा मग इतका कमी असतो, की तो नळी फाडूनच बाहेर येतो.

चिमटा आणि नळीच्या सांध्यावर रंगाला केसासारखी रेघ दिसली आणि पुसल्यावर तिथेच पुन्हा गंजाची रेघ उमटली, तर तो ओरखडा नसून तडा असण्याची शक्यता मोठी. ब्रेकची वायर लिव्हरच्या आत, जिथे दिसत नाही तिथेच एक-एक धागा तुटत जाते. धागा विसकटलेला दिसला की त्याच दिवशी बदलावी. चेनसाठी शाळेची फूटपट्टी चालते. बारा इंचांत बरोबर बारा पूर्ण कड्या बसायला हव्यात. बारावी कडी एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर चेन आयुष्य संपवून बसली आहे. पावसाळ्यात स्टीलच्या चकचकीत रिमवर ब्रेक रबर घसरते. तो बिघाड नाही, त्या रिमचा स्वभावच आहे. अंतर ठेवावे.

कंपन्या चूक मान्य करतात का?

काही वेळा कराव्या लागतात. २०१५ मध्ये ट्रेक या अमेरिकी कंपनीने अमेरिका आणि कॅनडातील मिळून सुमारे १० लाख सायकली तपासणीसाठी बोलावल्या. पुढचे चाक पटकन काढण्यासाठी असलेला लिव्हर उघडा राहिला तर डिस्क ब्रेकमध्ये अडकू शकत होता. असा अडकून एक जण कायमचा विकलांग झाला. २०२३ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने महागड्या सायकलींचे, दोन भाग चिकटवून बनवलेले क्रँक जगभरात तपासायला घेतले. तोवर क्रँकचे भाग सुटल्याच्या साडेचार हजारांवर तक्रारी आल्या होत्या. जखमींची नोंद सहाच होती, त्यांत हाडे मोडलेलेही होते.

इथल्या ग्राहकाला काय करता येते?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनातील दोषामुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादक, विक्रेता किंवा सेवा देणारा यांच्याकडून मागता येते. धोकादायक वस्तू बाजारातून परत बोलावण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. सायकल वडिलांनी घेतली आणि चालवत मुलगी होती, तरी ती कायद्याने ग्राहकच ठरते. तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे कुंडलकरांना सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

अडचण येते ती पुराव्याची. पडलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत सायकल गॅरेजला जाते, नवा चिमटा बसतो आणि जुना भंगारात जातो. तोच तुकडा साक्षीदार असतो. थकून तुटलेल्या धातूचा जुना तडा गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला असतो आणि त्यावर पाणी ओसरताना वाळूवर राहतात तशा बारीक रेषा दिसतात. शेवटी तुटलेला भाग मात्र खरखरीत आणि चकचकीत असतो. दोन्ही टोके एकमेकांवर घासू नयेत, पुसू नयेत, तेल लावू नये. त्याच दिवशी फोनवर जवळून फोटो काढावेत, फ्रेमवरच्या नंबराचा फोटो घ्यावा आणि तुकडे कोरड्या कापडात गुंडाळून बिलासोबत ठेवावेत.