दानाची खोली, कुणाच्या हक्काची?

आमच्या मोहल्ल्यात शिलाईकाम करणाऱ्या एक खाला राहतात. नवरा गेल्यावर एका धर्मादाय संस्थेनं त्यांना नाममात्र पैशांत खोली दिली. खालांनी पदरच्या पैशांनी पत्रे बदलले, मोरी बांधली. पुढे विश्वस्त बदलले आणि खोली रिकामी करण्याची नोटीस आली. कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. कविता लिहिणाऱ्याला कायदाही कळतो, असा त्यांचा भाबडा समज! कागद अकरा महिन्यांचा, 'लीव्ह अँड लायसन्स'चा होता आणि त्याची मुदत कधीच टळली होती.

लायसन्स म्हणजे नुसती मुभा. दुसऱ्याच्या जागेत राहायची परवानगी मिळते, पण जागेत हक्क निर्माण होत नाही, असं 1882चा सुविधाधिकार कायदा सांगतो. भाडेपट्टा झाला, तर ठरावीक मुदतीपुरता का होईना, जागेत हक्क मिळतो.

मग संस्था भाडेपट्टा का करून देत नाहीत? राहणारा कायमचा बसेल ही भीती असतेच. त्यात 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36 पुढे केलं जातं. विश्वस्तांनी दानाची मिळकत परस्पर विकून खाऊ नये म्हणून हे कलम आहे आणि ते हवंच. विक्रीला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची, तरीही लागते. पण तीन वर्षांपर्यंत लागत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही!

नवी घरं बांधून द्यायची तर आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक पायरी येते. इथं बहुसंख्य लोक आदिवासी आहेत. एखादा दाता म्हणतो, "जमीन संस्थेच्या नावावर करा, आम्ही घरं बांधतो." तसं सहज करता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्रीनं काय, बक्षीसपत्रानंही परस्पर जात नाही. जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्यामागे राज्य शासनाची मंजुरी लागते. दात्यांना ही अडवणूक वाटते. मला वाटत नाही. जमीन कुटुंबाच्या नावावर राहू द्यावी, बांधकामाची परवानगी रीतसर काढावी आणि तिथंच घर बांधून द्यावं. दात्याच्या नावाची पाटी भिंतीवर लागेल, उताऱ्यावर लागणार नाही, एवढंच. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ हाती आला म्हणजे मालकी झाली असंही समजू नये. ती घरपट्टी आकारणीची नोंद आहे.

खालांचं सांगायचं राहिलं. एका वकील मित्राला घेऊन मी विश्वस्तांकडे गेलो. तीन बैठका झाल्या, चहा बराच झाला. शेवटी तीन वर्षांचा भाडेपट्टा ठरला आणि दुय्यम निबंधकांकडे त्याची नोंदणी झाली. तो आता शिलाई मशीनच्या खणात आहे. मुदत संपायची तारीख खालांनी पाकिटावर माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आहे.