घरासमोरचं काँक्रीट : सिमेंट नव्हे, खालची माती आणि वरचं पाणी ठरवतं आयुष्य

सोलापुरात आता घर बांधून झालं की लगेच दुसरा खर्च निघतो, गेटपासून दारापर्यंत काँक्रीट करण्याचा. पूर्वी अंगणात मुरूम टाकून किंवा शहाबादी फरशी बसवून काम भागायचं. आता घराघरात दोन-तीन मोटारसायकली आहेत, कुणाकडे रिक्षा, कुणाकडे छोटा टेम्पो, कुणाकडे कार. शहाबादी फरशी माणसाचं वजन आरामात झेलते, पण कारच्या चाकाखाली पोकळ जागा आली की तडकते. म्हणून लोक काँक्रीटकडे वळतात आणि ते योग्यही आहे.

अडचण पुढे आहे. हेच काँक्रीट बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या पावसाळ्यात तडकतं, कोपरा खचतो, वरून भुकटी निघते. मग घरात एकच बोलणं सुरू होतं, "मिस्त्रीने सिमेंट कम डाल्या." कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा कारण सिमेंटमध्ये नसतं. ते खालच्या काळ्या मातीत आणि नंतर न मारलेल्या पाण्यात असतं. खाडी देशात कष्ट करून पाठवलेला किंवा भिशी लावून जमवलेला पैसा यात जातो, म्हणून ही गोष्ट नीट समजून घेणं गरजेचं आहे.

काळी माती काय करते?

आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. या मातीवर थेट काँक्रीट टाकलं तर पावसाळ्यात ती त्याला वर ढकलते आणि उन्हाळ्यात खालून आधार काढून घेते. काँक्रीट दाब खूप सहन करतं, पण वाकणं त्याला जमत नाही. म्हणून ते तुटतं. सिमेंटच्या दोन गोण्या जास्त टाकून ही तूट थांबत नाही.

उपाय सरळ आहे. आधी खोदून पाहा. काही भागात फूट-दीड फुटावरच मुरूम किंवा मांजऱ्या लागतो. तिथे वरची काळी माती पूर्ण काढून टाका. खोदलेली जागा चांगल्या मुरुमाने भरा, पण एकदम नाही. ४ ते ६ इंचांचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मस किंवा छोटा रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. सगळा मुरूम एकदम ओतून वरून दोन धुम्मस मारले तर वरचा भाग घट्ट दिसतो आणि खालचा भुसभुशीतच राहतो.

काळी माती खूप खोल असेल तर सगळी काढणं परवडत नाही. अशा जागी निदान दीड-दोन फूट माती बदला, किंवा काँक्रीटचा हट्ट सोडून पेव्हर ब्लॉकचा विचार करा. जमीन हलली तर ब्लॉक उचलून, खाली भर घालून पुन्हा बसवता येतात. हलक्या वाहनांना ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक चालतो. मालाचा टेम्पो रोज आत येत असेल तर ८० मिलिमीटरचा घ्यावा.

हिशोब आधी, काम नंतर

समजा जागा १० फूट रुंद आणि २० फूट लांब आहे, म्हणजे २०० चौरस फूट. फक्त मोटारसायकली असतील तर ४ इंच जाडी पुरते. कारसाठी ५ इंच आणि भरलेल्या टेम्पोसाठी ६ इंच ठेवावी.

४ इंच जाडीला सुमारे ६७ घनफूट काँक्रीट लागतं. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी, असं प्रमाण धरलं तर साधारण १५ ते १६ गोण्या सिमेंट, ३० घनफूट वाळू किंवा क्रश सँड आणि ६० घनफूट पाऊण इंची खडी लागेल. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे लक्षात ठेवलं की ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं सोपं जातं. ५ इंच जाडीला सिमेंट १९ गोण्यांच्या आसपास जातं. खाली ६ इंच दाबलेला मुरूम हवा असेल तर १ ब्रास बसतो. दाबल्यावर तो कमी होतो, म्हणून सव्वा ब्रास मागवा.

माल घमेल्याने मोजला जातो आणि घमेलं कधी शिगोशिग भरतं, कधी अर्धं. त्यापेक्षा सव्वा घनफुटाचा लाकडी फरमा करून घ्यावा. सिमेंटची एक गोणी साधारण तेवढीच भरते.

पाण्याचं मोजमाप तर कुणीच करत नाही. ५० किलोच्या गोणीला सुमारे ३० लिटर पाणी पुरे असतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बिगाऱ्याला पातळ माल ओढायला सोपा जातो, म्हणून तो पाइप सोडून देतो. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक छिद्रं उरतात. वर्षभराने झाडू मारताना जी पांढरी भुकटी निघते, तिचं हे एक मोठं कारण आहे.

टाकताना चार गोष्टी पाहा

पहिली, उतार. फुटाला पाव इंच, म्हणजे २० फुटांत ५ इंच उतार घरापासून बाहेर असावा. अंगणाची पातळी घराच्या जोत्यापेक्षा निदान ६ इंच खाली ठेवा, नाहीतर भिंतीला ओल चढते.

दुसरी, सांधे. काँक्रीट सुकताना आकसतं आणि कुठेतरी फाटणारच. ते सरळ रेषेत फाटावं म्हणून ८ ते १० फुटांवर सांधा ठेवतात. तुकडे शक्यतो चौरस असावेत आणि कापाची खोली जाडीच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे ४ इंचाला १ इंच. घराच्या भिंतीशी अर्धा इंच थर्माकोलची पट्टी लावून काँक्रीट वेगळं ठेवा.

तिसरी, जाळी. लोखंडी जाळीने तडा थांबत नाही, पण तडा पसरत नाही आणि दोन्ही बाजू एका पातळीत राहतात. मात्र जाळी जमिनीवर पडून राहिली तर पैसे वाया गेले. ती कव्हर ब्लॉकवर उचलून काँक्रीटच्या वरच्या अर्ध्या भागात हवी.

चौथी, वरची सफाई. वर पाणी दिसत असताना कोरडं सिमेंट शिंपडून गुळगुळीत घोटायचं, ही पद्धत बंद करा. हा पातळ थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो आणि ओला झाला की घरातले बुजुर्ग घसरतात. रंध्याने सारखं करून झाडूच्या हलक्या रेघा मारलेल्या बऱ्या.

चौदा दिवस पाणी, आणि तेही सोलापुरात

काँक्रीट वाळून कडक होतं, असा मोठा गैरसमज आहे. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते कडक होतं आणि त्यासाठी ओल लागते. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल हवी, कोरड्या आणि उष्ण हवेत १० दिवसांपेक्षा कमी नको. गोणीवर पीपीसी लिहिलेलं असेल, म्हणजे त्यात राख मिसळलेली असेल, तर १४ दिवस धरावेत.

आता आपली अडचण. नळाला रोज पाणी नाही, उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं. २०० चौरस फुटांवर मातीची आळी करून १ इंच पाणी भरायचं तर एका वेळी सुमारे ४७० लिटर लागतं. त्यापेक्षा बारदानाची पोती भिजवून अंथरा आणि वरून प्लास्टिक झाका. पाणी कितीतरी कमी लागतं आणि ओल टिकते. साबणाचं किंवा फार खारं पाणी वापरू नका.

शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. लग्नासाठी मे महिन्यातच उरकायचं असेल तर माल पहाटे टाका. पारा ४२ अंशांवर असताना दुपारी टाकलेलं काँक्रीट संध्याकाळपर्यंतच बारीक तडे दाखवतं. मोटारसायकल आठवड्यानंतर न्या, कार मात्र तीन-चार आठवडे बाहेरच राहू द्या.

शेजाऱ्याचा हक्क

२०० चौरस फुटांवर १ इंच पाऊस पडला तर तेच ४७० लिटर पाणी बाहेर पडतं. ते कुठे जाणार? आपण उंच झालो आणि पाणी शेजारच्या दारात गेलं तर आपलं अंगण कोरडं राहून काय उपयोग? शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. रॅम्प रस्त्यावर पुढे काढू नका. गटार काँक्रीटने बुजवू नका, त्यावर उचलता येईल अशी जाळी किंवा झाकण ठेवा, म्हणजे सफाई होते. कडेला दीड-दोन फूट माती मोकळी सोडली तर थोडं पाणी जिरतं आणि एखादं लिंबाचं झाडही होतं. फक्त झाड काँक्रीटला आणि भिंतीला चिकटून नको.

नंतरची देखभाल

दरवर्षी मे अखेरीस सांधे साफ करून सीलंट भरा. केसाएवढ्या तड्याची चिंता नको. रुंद तडा थोडा कोरून, धूळ काढून भरावा, कारण त्यातून गेलेलं पाणी थेट काळ्या मातीला मिळतं. कोपरा खचत असेल तर आधी पाइप गळतो का ते पाहा. तेल सांडलं तर भुसा किंवा कोरडी माती टाकून शोषून घ्या, मग साबणाने घासा. फरशीचं ॲसिड वापरू नका, ते सिमेंट खातं. आणि खराब झालेल्या काँक्रीटवर अर्ध्या इंचाचा गिलावा मारून घेऊ नका, तो सुटतोच.

शेवटचं म्हणजे व्यवहार. खोदाई किती, मुरुमाचे थर किती, जाडी किती, प्रमाण काय, सांधे कुठे, पाणी कोण मारणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. मजुरीतला थोडा भाग चौदा दिवसांचं पाणी पूर्ण झाल्यावर द्यायचा, असं आधीच ठरवा. बाकी मजुरी वेळेवर द्या. यात अविश्वास नाही. उलट नंतरचे वाद टळतात आणि चांगल्या मिस्त्रीलाही ते बरंच वाटतं.