ऑनलाइन भाषावर्गातील मौन

२०२० साली कोविडच्या साथीमुळे विद्यापीठांतील अध्यापन संगणकाच्या पडद्यावर गेले आणि साथ ओसरल्यावरही ऑनलाइन वर्ग काही अंशी टिकून राहिले. अशा वर्गात शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि उत्तरादाखल शांतता पसरावी, हा भाषाशिक्षकांचा नित्याचा अनुभव होय. हे मौन पुष्कळदा अनास्थेचे लक्षण मानले जाते. परंतु संभाषणाची रचना पाहता त्याचे कारण अन्यत्रही शोधावे लागते.

सॅक्स, शेग्लॉफ व जेफर्सन यांनी १९७४ साली दाखवून दिले की, बोलण्याची पाळी नियमबद्ध रीतीने एकाकडून दुसऱ्याकडे जाते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तौलनिक अभ्यासात प्रश्नोत्तरांमधील अंतर सरासरीने सेकंदाच्या सुमारे एक-पंचमांश आढळले. इतक्या अल्पावधीत पाळी घेण्यास नजर, श्वास व सूर यांचे साहाय्य होते. पडद्यावर नजरेचा रोख कळत नाही, आवाज किंचित विलंबाने पोहोचतो. दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. नवी भाषा शिकणाऱ्यास तर शब्द जुळविण्यासच अधिक वेळ लागतो. तेवढ्यात शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

यात होणारी हानी लहान नव्हे. कॅनडातील फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच चांगली समजे, पण त्यांच्या बोलण्यात व्याकरणदोष राहत. यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली असे प्रतिपादन केले की, केवळ श्रवण पुरेसे नसून भाषानिर्मितीही आवश्यक असते. हिंदीभाषक विद्यार्थ्यास ‘माझे पुस्तक’ ऐकून अर्थबोध होतो. परंतु तो स्वतः ‘माझी पुस्तक’ म्हणतो, तेव्हाच लिंगभेदाची त्याची अडचण उघड होते. तो मूक राहिल्यास चूक झाकली जाते आणि दुरुस्तीही घडत नाही.

उपाय या कारणांतूनच सुचतात. मेरी बड रो यांना विज्ञानाच्या वर्गांत आढळले की, शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेल्यास उत्तरे अधिक विस्तृत होतात. ऑनलाइन भाषावर्गात याहूनही अधिक थांबणे इष्ट ठरेल. आधी प्रश्न, मग विराम आणि शेवटी विद्यार्थ्याचे नाव, असा क्रम ठेवल्यास सर्वांना विचार करावा लागतो व पाळीचा संभ्रम राहत नाही. दोघादोघांचे गट करून एकास गाड्यांच्या वेळा व दुसऱ्यास भाडी द्यावीत आणि दोघांनी मिळून प्रवास आखावा. येथे बोलल्यावाचून काम पुरे होत नाही.

कॅमेरा चालू ठेवण्याच्या सक्तीने चेहरे दिसतील. पण बोलण्याचे प्रयोजन व त्यासाठी लागणारा अवधी शिक्षकालाच पुरवावा लागेल.