पिकफेअरचे राजा-राणी

आम्ही दोघं एकाच ऑफिसात. अख्ख्या फ्लोअरच्या मते एकदम 'मेड फॉर इच अदर'. खरं सांगू? पार्किंगपर्यंत कडाक्याचं भांडण आणि लिफ्टचं दार उघडलं की स्माइल, असं कितीदा तरी झालंय. म्हणूनच परवा रविवारी 'द टेमिंग ऑफ द श्रू' हा १९२९ चा सिनेमा बघताना मी जरा दचकलेच. पडद्यावर कचाकचा भांडणारं ते जोडपं खरोखरचं नवरा-बायको होतं!

मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स. मूकपटांच्या जमान्यातले हॉलिवुडचे राजा-राणी. ती कुरळ्या केसांची, अख्ख्या अमेरिकेची लाडकी. तो तलवार घेऊन गच्च्यांवरून उड्या मारणारा हीरो. प्रेमात पडले तेव्हा दोघंही विवाहित. टेन्शन एकच, पब्लिक काय म्हणेल? त्यात १९१९ मध्ये चॅप्लिन आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासोबत त्यांनी 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही स्वतःची कंपनी काढलेली. म्हणजे इमेज बुडाली की धंदाही बुडणार!

तरी २ मार्च १९२० ला मेरीनं नेवाडात पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोट घेतला आणि २८ मार्चला डग्लसशी लग्न लावलं. पब्लिकनं तर चक्क डोक्यावर घेतलं. हनिमूनला लंडनमध्ये त्यांना बघायला ही झुंबड! नेवाडाच्या सरकारी वकिलांनी मात्र तो घटस्फोट रद्द करायला कोर्ट गाठलं. निकाल मेरीच्या बाजूनं लागेपर्यंत १९२२ उजाडलं.

बेव्हर्ली हिल्सच्या बंगल्याला दोघांच्या आडनावांवरून नाव पडलं 'पिकफेअर'. तिथलं जेवणाचं आमंत्रण म्हणजे केवढा मान! आता हे लग्न नुसतं दोघांचं राहिलं नव्हतं. जगाला ते सुखीच दिसायला हवं होतं.

मग बोलपट आले आणि दोघांचंही वय दिसू लागलं. 'श्रू' हा दोघांनी जोडीनं नायक-नायिका म्हणून केलेला एकमेव सिनेमा. सेटवर डग्लस उशिरा यायचा, संवाद पाठ नसायचे, आणि आपला आत्मविश्वास तिथेच खचला, असं मेरीनं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. त्या वेळी मात्र ती गप्प राहिली. त्यानंतर डग्लस जगभर भटकत सुटला. १९३१ च्या त्याच्या प्रवासपटात आपला हिंदुस्थानही आहे. पुढे सिल्व्हिया ॲशलेचं प्रकरण झालं आणि जानेवारी १९३६ मध्ये राजा-राणीचा घटस्फोट. त्याच वर्षी त्यानं सिल्व्हियाशी लग्न केलं, १९३७ मध्ये मेरीनं बडी रॉजर्सशी. डग्लस १९३९ मध्ये गेला. मेरी पिकफेअरमध्येच राहिली, १९७९ मध्ये जाईपर्यंत. १९९० मध्ये बंगलाही पाडला गेला.

सिनेमा संपला तरी माझ्या डोक्यातून मेरी जाईना. सगळ्या जगासमोर हसायचं आणि नवऱ्याला 'तू उशिरा आलास, मला त्रास झाला' एवढं सांगायचीही चोरी!

सोमवारी पुन्हा आमचं वाजलं. लिफ्ट उघडली, मी स्माइल दिलं नाही. शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीनं विचारलं, ''सगळं ठीक ना गं?''

''नाही. भांडलोय,'' मी म्हटलं.

फ्लोअर काही कोसळला नाही. आणि दुपारी चहाला आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर, निवांत भांडलो!