जुनं घर विकायचंय? आधी छत आणि भिंत बघा, रंग सगळ्यात शेवटी

नांदेड / लातूर : सोयाबीन-हरभऱ्याचा हिशेब झाला आणि पोरांच्या शाळा-कॉलेजचा विचार सुरू झाला, की आपल्या भागात जुन्या घरांचे सौदे बोलले जातात. कुणाला पोरांच्या क्लाससाठी लातूरला बस्तान हलवायचंय, कुणाचं नांदेडला प्लॉटवर बांधकाम निघालंय. मग गावातलं किंवा तालुक्याच्या ठिकाणचं पहिलं घर काढायचं ठरतं. घर असतं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं, नाहीतर त्याहून जुनं माळवदाचं. आणि पहिला सल्ला मिळतो तो असा, "पुट्टी भरा, रंग मारा, चार पैसे जास्त येतील."

घेणारा माणूस रंग बघून घरात येतो खरा, पण भाव बोलताना तो वर छताकडं आणि खाली जोत्याकडं बघतो. सोबत एखादा गवंडी किंवा जाणता पाहुणा असतोच. पुट्टीखाली झाकलेली भेग एका पावसाळ्यात वर येते. शिवाय त्या भिंतीखाली उद्या कुणाचं तरी लेकरू झोपणार असतं. कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून पैसा आधी कुठं घालायचा, ते क्रमानं बघू.

१) सुरुवात छतापासून

माळवद गळायला लागलं की वर आणखी पांढरी माती टाकायची, ही जुनी रीत. असं करत थर वाढत जातो. साधा हिशेब करा. दहा बाय दहाची खोली, वर एक फूट माती, म्हणजे १०० घनफूट. म्हणजे अख्खी एक ब्रास माती, चार-पाच टन वजन, रात्रंदिवस डोक्यावर. विकायच्या आधी त्यात भर घालू नका. जादा थर काढा, पण एकाच बाजूनं नको, सगळीकडून सारखा. खालच्या तुळया आणि फळ्या पेचकसानं टोचून बघा. पेचकस लोण्यासारखा आत गेला तर लाकूड वाळवीनं किंवा ओलीनं खाल्लंय, ते बदलावंच लागेल. मग जाड प्लास्टिक अंथरून, उतार देऊन मातीचा पातळ थर पुरतो. पाणी जाण्याची पन्हळ मोकळी ठेवा.

पत्र्याचं घर असेल तर गंजलेले हूक आणि फुटलेले वॉशर बदला. खर्च थोडा, पण गळती आणि वादळात पत्रा उडण्याची भीती, दोन्ही कमी होतात.

स्लॅबच्या घरात खालून गिलावा फुगला असेल किंवा गंजलेली सळई दिसत असेल तर सुटलेलं काँक्रीट काढा, सळई घासून गंज घालवा, गंजरोधक लावा आणि मगच भरा. वरची गळती बंद न करता खालून पीओपीचं छत लावलं तर ते पैसे पाण्यात गेले समजा.

२) भेग काय सांगते?

आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उन्हाळ्यात रानाला पडलेल्या भेगा आपण दर वर्षी बघतो, तेच जोत्याखालीही होतं. म्हणून दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात.

गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगांची काळजी नाही. पण तिरपी, आरपार किंवा वर रुंद होत गेलेली भेग असेल तर तपासणी करा. भेगेवर काचेची पातळ आडवी पट्टी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून चालू आहे. ती भरायच्या आधी इंजिनिअरला दाखवा.

कारण बहुतेक वेळा पाणीच असतं. मोरीचं पाणी भिंतीशेजारी मुरतं, पागोळ्या जोत्यावर पडतात, नाहीतर मोठं झाड अगदी भिंतीला लागून असतं. घराभोवती तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करा आणि मोरीचं पाणी पाइपनं लांब न्या. हॉलमधल्या महागड्या रंगापेक्षा या कामानं घराचं आयुष्य जास्त वाढतं.

३) किल्लारीचा धडा विसरू नका

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवद यांच्याखाली दबले. त्या भिंती दिसायला दोन-अडीच फूट जाड, पण आत दोन वेगळ्या पाळ्या आणि मधे दगड-मातीचा भराव. हादरा बसला की पाळ्या सुटतात.

तुमच्या जुन्या घराच्या दगडी भिंतीला पोट सुटलं असेल, म्हणजे ती मधेच बाहेर फुगली असेल, तर पाळ्या सुटायला लागल्यात असं समजा. भूकंपानंतर आपल्याकडं अशा भिंती मजबूत करण्याचे उपाय झाले. ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पाळ्या एकमेकींना धरतात. दार-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा पट्टा द्यायचा. हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

पुनर्वसित गावांतली घरं जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली होती. तीही आता तीस वर्षांच्या पुढं गेलीत. अनेकांनी पुढं-मागं खोल्या वाढवल्या. हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत काढणं, मोठी खिडकी बसवायला लिंटेलचा पट्टा तोडणं, हे करू नका. जे घर भूकंप सोसावं म्हणून बांधलं, त्याचा कणाच आपण मोडतो. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले होते. त्यामुळं हा धडा फक्त लातूरकरांचा नाही.

४) ओल आणि लोणा

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत गिलावा सुटत असेल, पांढरी भुकटी येत असेल, तर तो लोणा आहे. त्यावर पुट्टी टिकत नाही. आधी पाण्याचा मार्ग बंद करा, सुटलेला गिलावा काढा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. दगड-मातीच्या भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा देऊ नका. ओल आत कोंडते आणि काही दिवसांत पापुद्रेच्या पापुद्रे गळतात. तिथं चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा चांगला.

५) पाणी, संडास आणि वीज

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. तेव्हापासून घर बघायला आलेला माणूस पाण्याचं विचारल्याशिवाय राहत नाही. नळ किती दिवसाआड येतो, बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, हे खरं सांगा. छताचं पाणी टाकीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडण्याची सोय केली तर घराची किंमत वाढते. १००० चौरस फुटांच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ९०० लिटरच्या आसपास पाणी मिळतं.

संडास-बाथरूम चालू, स्वच्छ आणि उजेडाचं हवं. घरात बाईमाणूस आधी तेच बघतं. विजेची जुनी, उघडी वायर बदला, अर्थिंग नीट करा आणि शॉक लागला की लाइन तोडणारा स्विच बसवा. मीटर कुणाच्या नावावर आहे आणि बिल थकलंय का, तेही बघून ठेवा.

६) काय काढू नये

शहाबादी फरशी फोडून चकचकीत टाईल बसवण्याची घाई नको. फरशी घासून, सांधे भरून घेतले तरी ओसरी नवी दिसते. सागवानी दार, खांब, कोनाडे यांच्यावर ऑईलपेंटचे थर चढवू नका. जुना रंग खरवडून तेल दिलं की लाकूड स्वतःच बोलतं. जुन्या सागाला वेगळा भाव असतो. तो घराच्या किमतीत धरा आणि दार-खांब सौद्यात आहेत की नाहीत, हे लिहून घ्या.

हे सगळं झालं की मग रंग. भिंती वाळलेल्या असताना, फिकट आणि साधा. अडगळ काढा, बळद-माळे रिकामे करा, खिडक्या उघड्या ठेवा. रिकामी खोली मोठी दिसते, त्याला पैसा लागत नाही.

७) कागद म्हणजेही दुरुस्तीच

घर कितीही सजवलं तरी कागद अडला की सौदा अडतो. हे तपासून घ्या :

– ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीचा उतारा. तो लागतोच, पण नुसत्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही. २०२० पासून सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून ठेवा. नाव, क्षेत्र, चतुःसीमा जुळतात का बघा.

– घर वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांची संमती हवी. २००५ च्या कायद्यानं त्यात मुलीचाही मुलाइतकाच वाटा आहे. बहिणीला सही करायला शेवटच्या दिवशी बोलावू नका, सौदा बोलायच्या आधी विचारा.

– घर घरकुल योजनेतलं किंवा पुनर्वसनातलं असेल तर वाटपाच्या कागदावर विक्रीची काही अट आहे का, ते आधी वाचा.

– नुसत्या बाँडवर लिहून दिलेली विक्री ही पक्की विक्री नाही. दुय्यम निबंधकाकडं खरेदीखत नोंदवावंच लागतं. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, हे घेणाऱ्याला सांगा.

– इसार किंवा किमतीपोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. बँकेतूनच घ्या.

– दुरुस्तीच्या पावत्या जपा. स्लॅब, पट्टा, नवं संडास-बाथरूम असं घरात भर घालणारं काम नफ्याचा हिशेब करताना खर्चात धरता येतं, नुसती रंगरंगोटी नाही. घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमचं असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्या नफ्यावरच्या करात सूट मिळू शकते. सीएला विचारून घ्या.

पैसे कमी असतील तर?

क्रम असा ठेवा : छत, पाण्याचा निचरा, भिंत, वीज आणि संडास, मग रंग. मोठं काम परवडत नसेल तर ते झाकू नका. इंजिनिअरकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या, घेणाऱ्यापुढं ठेवा आणि तेवढी रक्कम भावात सोडा. झाकलेली भेग पहिल्या पावसात उघडी पडते आणि मग निम्मा भाव आणि गावातली पत दोन्ही जातात. उघड सांगितलेल्या दोषाची किंमत सौद्याच्या बैठकीतच मिटते.